परकराचा वण

२१ फेब्रुवारी. आत्याबाईचं तेरावं उरकून तिच्या टोळीतली कुसुम आणि मी मागच्या अंगणात शेजारून आणलेली पातेली घासत होतो.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कळस गावात खुरपणाऱ्या बायांची टोळी चालवायची. परकराची नाडी ती अशी आवळायची की बघूनच मला धाप लागे. सैल बांध म्हटलं की म्हणायची, "सैल बांधलं की कंबरंतनं तुटल्यागत वाटतंय. तू बँकेत खुर्चीवर बसतीस, तुला काय कळायचं?"

टोळीला ती बसू द्यायची नाही. पण कुणाला खुरपं लागलं तर स्वतःच्या लुगड्याची चिंधी फाडून बांधायची.

नाडीखाली बायांच्या कमरेला काळा पट्टा पडतोच. तिच्या पट्ट्यात एक जखम होती, ती सुकेना. तिनं त्यावर मिश्री दाबली आणि वरून पुन्हा नाडी. ती तापानं पडली, मी अंघोळ घालायला गेले, तेव्हा मला दिसलं.

"समद्या बायांना असतंय. परकराचा वण हाय, त्याला डाक्टर कशाला?"

भांडण झालं. शेवटी मी रिक्षाच दारात उभी केली.

बारामतीच्या डॉक्टरांनी जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला, जांघेतल्या गाठींपर्यंत गेलेला.

"हा आपल्याकडं कमी असतो ना?" मी विचारलं.

"कमी सापडतो," ते म्हणाले. "बायका कंबर दाखवतात कुणाला? काळा पट्टा घरोघरी आहे, त्यात कॅन्सर एखादीलाच. पण जी जखम सुकत नाही, ती तपासायलाच हवी."

आत्याबाई बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "तोंडावर झाला असता तर लाजले नसते."

आता अंगणात पातेलं उचलताना कुसुमनं कमरेवर हात दाबला. लुगड्यावर ओला डाग होता.

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं. काय न्हाय ताई, हळद लावतीया."

"आत्याबाईचं बघितलंस ना?"

"त्या म्हाताऱ्या हुत्या."

"उद्या बारामतीला चल."

"उद्या निरवांगीत खुरपण हाय. टोळी आता माझ्याकडं आली. पहिल्याच दिवशी न्हाय गेले तर बाया काय म्हणतील?"

मी पातेली पोचवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर गेले. टोळी टेम्पोत चढत होती, कुसुम सगळ्यांच्या पुढं. मी तिच्या हातातलं खुरपं काढून तिच्या जावेकडं दिलं आणि म्हटलं, "आज टोळी तू सांभाळ." बारामतीची एसटी येईपर्यंत मी कुसुमचा दंड सोडला नाही.