सहावारी गृहपाठ

कोर्सवाले आप्पा मोबाइलमधल्या मास्तरशी भांडायचे. शहापुरातल्या आमच्या बोळात त्यांचा हातमाग थांबून आवाज चढला, की समजायचं, आप्पांचा फुकटचा ऑनलाइन वर्ग भरला. असा ओढलास तर धागा तुटणार, हे ते त्या टायवाल्याला तळमळून सांगायचे. तो आपला पुढच्या मुद्द्यावर. "लई बोलतोय," आप्पा म्हणायचे, "पर ऐकत न्हाय."

चाळीस वर्षं साड्या विणलेल्या माणसाला विणकामाचा कोर्स करायची वेळ आली ती नोकरीपायी. गुडघे गेले होते, मागाच्या पायाखालच्या पावड्या दाबवत नव्हत्या. वडगावात विणकाम शिकवणारं केंद्र निघालं आणि तिथे शिकवायला माणूस हवा होता, पण प्रमाणपत्रवाला. अर्धा बोळ आप्पांच्या हाताखाली शिकलेला, कागद मात्र एकही नाही.

हा कोर्स दाखवला मी. मी कॉलेजात कारकून. 'जगातलं ज्ञान घरबसल्या, मोफत' अशी पत्रकं वाटून नावं गोळा करायची, हे माझं काम. शिकवणार इंग्रजीत, ते कुणाला कळणार, हे विचारायचा रकाना फॉर्मवर नव्हता. मराठी, कन्नड आणि बाजारापुरती हिंदी येणाऱ्या आप्पांनी खाली उमटणारी हिंदी अक्षरं वाचत सगळे धडे पुरे केले. परीक्षेत आपल्याला ठाऊक असलेलं उत्तर न देता मास्तरला हवं ते द्यायचं, हेही शिकले. तेवढं शिक्षण मात्र अस्सल झालं.

शेवटचा गृहपाठ होता वीतभर कापड विणून, कापून त्याचा फोटो पाठवायचा. मुदत आठ दिवस. आप्पांच्या मागावर साडी चढलेली, आणि पदर पुरा होण्याआधी मागावरच्या साडीला आमच्याकडे कात्री लावत नाहीत. मी म्हटलं, आप्पा, कापा वीतभर, त्याला काय कळतंय.

"त्याला न्हाय कळत. मला कळतंय न्हवं?"

त्या गुडघ्यांनी त्यांनी अख्खी सहावारी विणली. दहाव्या दिवशी फोटो पाठवायला गेलो, तर मुदत संपलेली. मी विनवणी लिहिली. उत्तर क्षणात आलं: तुमच्या शिकण्याच्या उत्साहाचा आम्हांला आदर आहे. पलीकडे माणूस नव्हताच.

नोकरी एका प्रमाणपत्रवाल्या मुलीला मिळाली. पहिल्याच आठवड्यात केंद्रातल्या मागाचा उभा ताणा गुंतला आणि ती आप्पांच्या दारात उभी राहिली. आप्पा लंगडत गेले, संध्याकाळपर्यंत एकेक धागा सोडवून दाखवत बसले. मी चिडलो, तर मलाच म्हणाले, "तिचा काय गुन्हा रं? तिला कुणी हात धरून दावलंच न्हाय."

आप्पा जाऊन आता वर्ष होईल. जास्तीत जास्त नावनोंदणीबद्दल आमच्या कॉलेजला ढाल मिळाली, त्या यादीत तेही आहेत. त्यांना ईमेल नव्हता म्हणून मी माझाच दिला होता. त्यावर दर सोमवारी पत्र येतं: आप्पा, बरेच दिवस तुम्ही वर्गात दिसला नाहीत, शिकणं सोडू नका. ते बंद करायचं बटण खालीच असतं. माझा हात धजत नाही.