जेट स्की का वळली नाही

फिजिक्स शिकवणाऱ्या बाईकडे बावीस वर्षांत काय साठतं? फुटलेली भिंगं, मेलेले चुंबक आणि प्रोजेक्टचे किस्से. पहिल्या दोन गोष्टी भंगारवाला नेतो. किस्से डोक्यातच राहतात, आणि यंदाचे तर काही केल्या जात नाहीत. म्हणून सांगते, ऐका.

आमची शाळा विक्रोळीची, मराठी माध्यमाची. नववीला उरलेली मुलं एकोणीस. तरी दरवर्षी विज्ञान प्रदर्शन असतं आणि दरवर्षी मी चिठ्ठीवर विषय लिहून मागते. यंदा एकाने लिहिलं, ‘ब्लॅक होल’.

"अरे, मॉडेल काय करणार त्याचं?"

"बाई, काळा कागद पुरे ना! आत काय दिसतच नाय!"

मी आधीच वैतागलेली. त्यात पुढची चिठ्ठी सानिकाची. विषय, ‘जेट स्की’, म्हणजे ती समुद्रावरची स्कूटर!

*

"जेट स्की? समुद्र तरी बघितलायस का गं कधी?" मी विचारलं. वर्ग फिदीफिदी हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

"माझे पप्पा चालवायचे, बाई. मालवणला."

"मग त्यांनाच विचार की!"

"ते गेले ना, मे महिन्यात. जेट स्कीवरच."

चार महिने ही पोरगी माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसत होती आणि मला पत्ता नव्हता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

*

मधल्या सुट्टीत तिने सगळं सांगितलं. पप्पा दोन वर्षं गावी एका वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडे कामाला होते. त्या दिवशी एकटेच जेट स्की किनाऱ्याकडे आणत होते. अचानक समोर लहान मुलांनी भरलेली बनाना बोट आली. बोट पुढे निघून गेली, मुलं थोडक्यात वाचली. पप्पा सरळ जाऊन खडकावर आपटले.

मालक म्हणाला, "लक्ष नव्हतं त्याचं. हँडल वळवलंच नाही." पप्पांचा मित्र तिथेच उभा होता. तो शपथेवर सांगत होता, हँडल पूर्ण वळवलं होतं. पण मम्मीने मालकाचंच खरं धरलं. चपात्या लाटता लाटता म्हणायची, "घरात पोरगी आहे हे आठवलं नाही त्याला. वळवलं असतं तर आज असता."

"बाई, हँडल वळवूनपण जेट स्की सरळ जाते का? तेवढंच बघायचंय मला."

मी पटकन म्हटलं, "छे! वळवलं की वळणारच."

बावीस वर्षांचा अनुभव ना माझा!

*

मुख्याध्यापिकाबाईंना हे कळलं. मला ऑफिसात बोलावलं.

"अहो, प्रदर्शनाला पालक येतात, पाहुणे येतात. तिथे मरण कशाला? सौरऊर्जा घ्या ना, झकास दिसते."

"मॅडम, चार्टवर मरण लिहिणार नाही आम्ही."

"मग माझी काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. "असं करा, शीर्षक द्या ‘जलक्रीडेचा आनंद’!"

सानिकाने ते शीर्षक निळ्या स्केचपेनने, वळणदार अक्षरात लिहिलं. खाली लाटा काढल्या. मला बघवेना.

*

लॅबच्या नळाला पाणी सकाळी सातलाच येतं. लॅब सांभाळणाऱ्या परबकाकांनी कुठूनतरी जुना बाथटब आणला होता. आम्ही तिघं शाळा भरायच्या आधी तो भरायचो. थर्माकोलची बोट, तिच्यात बॅटरीवरचा छोटा पंप आणि मागे इकडेतिकडे वळणारी नळी. पंप पाणी ओढून मागे फेकतो, बोट पुढे पळते. नळी वळवली की बोट वळते.

पहिल्याच झटक्यात वळली! मी तर टाळ्या वाजवल्या.

"आता रेस सोडते, म्हणजे पंप बंद," सानिका म्हणाली. तिने बोट वेगात सोडली, नळी वळवली आणि त्याच क्षणी पंप बंद केला.

बोट नाकासमोर सरळ गेली. धप्पकन टबाच्या भिंतीवर आपटली.

परत केलं. परत सरळ. तिसऱ्यांदाही तेच.

"होडीक सुकाणू आसता, बाई," परबकाका म्हणाले. "हेका खंय आसा?"

मागून सुटणारा झोत हेच जेट स्कीचं सुकाणू. रेस सोडली, झोत थांबला, की हँडल नुसतं शोभेला. न्यूटनचा नियम मी शिकवते आणि तो कळला परबकाकांना!

सानिका हसत होती. "म्हणजे पप्पांनी हँडल वळवलं असेल, बाई!" मग तिचं हसू हळूहळू गेलं. "पण रेस सोडली. म्हणून गेले."

या पोरीला हा विषय मी का घेऊ दिला, असं मला झालं. "चल, प्रार्थनेची बेल होईल," एवढंच म्हटलं मी.

*

प्रदर्शनाच्या दिवशी तिची मम्मी कामावरून तासाभराची सुट्टी काढून आली. पोळीभाजी केंद्रात काम करते, हाताला पीठ तसंच होतं. चार्टकडे तिने बघितलंही नाही.

सानिकाने दाखवलं. पंप चालू, नळी वळवली, बोट वळली. पंप बंद, नळी वळवली, बोट सरळ.

"परत दाखव," मम्मी म्हणाली.

परत दाखवलं. असं पाच वेळा झालं. मागे परीक्षक दोघं वह्या घेऊन ताटकळत उभे. मी त्यांना हातानेच थांबवलं.

"हँडल वळवलंय ना आता?" मम्मीने विचारलं.

"पूर्ण वळवलंय."

"मग त्याने काय करायला पाहिजे होतं?"

सानिकाने माझ्याकडे बघितलं. मग तिनेच सांगितलं, "रेस वाढवायला पाहिजे होती, मम्मी. रेस दिली असती तर वळली असती."

"समोर पोरं असताना?"

"हो."

मम्मीने पाण्यातून बोट उचलली. ओढणीने नीट पुसली.

"अठरा वर्षं रिक्षा चालवली त्याने इथे," ती म्हणाली. "समोर पोर दिसलं की पहिली रेस सोडायचा. रेस वाढवणं त्याला कधीच जमलं नसतं."

मग बोट परत पाण्यात ठेवली, परीक्षकांना वाट करून दिली आणि सानिकाला म्हणाली, "आता यांना दाखव."