चार लाल ठिपके

फोटो काढायची त्याला कधीच लाज वाटली नाही. लाज वाटायची ती काढलेला फोटो चारचौघांपुढे धरायची.

उमेदीची सगळी वर्षं त्याने विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात काढली होती. जळलेली गोदामं, फुटलेल्या काचा, भिजलेला माल यांचे फोटो पुरावा म्हणून काढता काढता त्याला रिकाम्या जागांचं वेड लागलं. शेवटी नोकरी सोडून तो बंद पडलेल्या दुकानांचे फोटो काढू लागला. दुकानात माल असतो तोवर ते गिऱ्हाइकांचं असतं, माल गेला की फक्त दुकानदाराचं उरतं, असं तो बायकोला समजावून सांगायचा. बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम करायची. ती म्हणायची, "मला पटलंय हो. जे लोकांना सांगायचं ते मलाच किती वेळा सांगाल?"

पण घोडं तिथेच अडत होतं. स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये, हे आईने त्याच्या मनावर पक्कं बिंबवलं होतं. आणि या धंद्यात ती वाजवायला दुसरं कुणी नव्हतं. तो मोबाइलवर फोटो टाकायचा. खालच्या दोन ओळी लिहायला अख्खी दुपार जायची. 'माझं नवीन काम' असं लिहिलं की फुशारकी वाटायची, ते खोडून नुसतं 'एक दुकान' लिहिलं की हातपाय गाळल्यासारखं दिसायचं. मग फोन टेबलावर पालथा ठेवायचा आणि दर थोड्या वेळाने उचलून बघायचा. ज्या तिघाचौघांना फोटो आवडायचा त्यात एक बायको असायची. गॅलऱ्यांचे उंबरठे झिजवून झाले होते. एका मालकाने फोटो बराच वेळ पाहिले आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "काम चांगलं आहे, पण तुम्हाला ओळखतं कोण?"

बायकोचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, टाइल्सचा व्यापारी होता. न मागणाऱ्यालाही फरशी विकेल असा बोलका माणूस. जेवायला सगळे एकत्र बसले की त्याचा ठरलेला प्रश्न असे, "काय जावईबापू, या महिन्यात कुणाच्या दुकानाला टाळं लागलं?" सगळे हसत. हाही हसे, कारण तोंडात घास असताना दुसरं काही करता येत नाही.

अशा माणसाने स्वतःचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, ते बायकोच्या आग्रहावरून. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल आठवडाभरासाठी मिळाला. निमंत्रणपत्रिकेवर त्याने आपला सर्वांत आवडता फोटो छापला. घड्याळदुरुस्तीचं एक जुनं दुकान रिकामं होत होतं त्या दिवशी काढलेला. भिंत धुरकट पिवळी, आणि जिथे जिथे घड्याळं टांगलेली होती तिथे तिथे फिकट गोल उरलेले. लहान, मोठे, एकमेकांना खेटून. दुकानाचे मालक बाहेर स्टुलावर बसले होते. "आतला एक फोटो काढू का?" असं याने विचारलं होतं, त्यांनी हात हलवला होता, आणि हा आत गेला होता. पत्रिका त्याने फ्रेमवाल्याकडे ठेवल्या, वाचनालयात ठेवल्या, त्या गल्लीतल्या दुकानांतही वाटल्या. मोबाइलवर तर तोच फोटो तीनदा टाकला.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये आले ते वाचनालयातले चुकलेले वाचक. दोघांनी बाथरूम कुठे आहे ते विचारलं. हॉलचा रखवालदार दाराशी टेबल टाकून बसला होता. फोटो विकला गेला की खालच्या नावाच्या पट्टीवर लाल ठिपका चिकटवायचा, हे काम त्याचं. ठिपक्यांचा कागद त्याने सकाळी टेबलावर काढून ठेवला होता. संध्याकाळी त्याने तो पुन्हा खणात टाकला. खण बंद झाल्याचा आवाज याला फार मोठा वाटला.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा येणार होता. एकटा नाही, धंद्यातल्या दोन मित्रांना घेऊन. "बघू तरी बंद दुकान किती चालतंय ते," असं फोनवर म्हणाला होता.

हात दाखवून अवलक्षण माणूस नेहमी शांत डोक्याने करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन शोधताना त्याला बायकोच्या पर्समध्ये लाल गोल स्टिकरची एक पट्टी सापडली. त्यातले चार त्याने काढून घेतले. हॉल उघडल्यावर रखवालदार चहाला खाली गेला, तेव्हा ते चार फोटोंखाली चिकटवले. आपला हात जगन्नाथ. सगळ्यात आधी घड्याळांच्या भिंतीखाली लावला, कारण सगळ्यात चांगला फोटो सोडून बाकीचे खपले असं कुणाला पटलं नसतं. रखवालदार वर आला, त्याने ठिपके पाहिले, याच्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

पुढे जे झालं त्याची त्याला कल्पना नव्हती. ठिपक्यांनी काम केलं. लोक ठिपक्याच्या फोटोसमोर जास्त वेळ थांबू लागले. एका बाईने तर मान तिरकी करून मैत्रिणीला सांगितलं, "बघ, यात काहीतरी आहे." वर्षानुवर्षं दोन ओळी न सुचणाऱ्या या माणसाने दुपारी ठिपक्यासकट नावाच्या पट्टीचा फोटो काढला आणि मोबाइलवर टाकला. खाली लिहिलं, 'रसिकांचे आभार.' एका दमात लिहिलं. अभिनंदनांची रांग लागली. जुन्या ऑफिसातल्या साहेबांनीसुद्धा लिहिलं, 'अभिमान वाटतो.' ते वाचताना याचे कान गरम झाले, तरी फोन पालथा ठेवावासा वाटला नाही.

संध्याकाळी दादा आला. आधी आवाज आला, मग तो. बायको लॅबमधून थेट त्याच्याबरोबरच आली होती. दादाने हॉलभर नजर टाकली, ठिपके मोजले आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून थट्टा निघाली नाही. मित्रांना म्हणाला, "आमचे जावईबापू. नोकरी सोडली तेव्हा आम्ही वेड्यात काढलं होतं." मग एका अर्ध्या उघड्या शटरच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, हा मला द्या, ऑफिसात लावतो. आणि याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्या खांद्यावर येण्यासाठी याने किती वर्षं वाट पाहिली होती, हे फक्त बायकोला माहीत होतं. ती मात्र फोटोंखालच्या पट्ट्यांकडे बघत होती.

त्याच वेळी जिना चढून घड्याळवाले आले. हातात काठी, खिशात घडी घातलेली पत्रिका. इकडे तिकडे न बघता ते सरळ आपल्या भिंतीसमोर गेले.

"हा मला पाहिजे," ते म्हणाले.

हॉलमधले सगळे वळून बघू लागले. एक वाक्य बोललं असतं तर काम झालं असतं. पण दादाचा हात अजून खांद्यावर होता.

"काका, तो गेला," तो म्हणाला. "विकला गेला."

"कोणी घेतला?"

"आहेत एक गृहस्थ. बाहेरगावचे."

"उशीर केलात काका," दादा कौतुकाने म्हणाला. "आमच्या जावईबापूंचा माल राहत नाही."

"म्हणजे आता त्यांच्या घरी लागणार," घड्याळवाले स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. "येणाजाणाऱ्यांना दिसणार." मग वळले. बायकोने पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पत्ता लिहून घेतला. याच्याकडे न बघता म्हणाली, "असू द्या काका. घेणाऱ्याचं मन कधीकधी बदलतं."

घरी आल्यावर तिने दोरीवरचे कपडे काढले आणि घड्या घालत विचारलं, "ठिपके कुठून आणलेत?"

"रखवालदाराचे."

"त्याचे कागदी आहेत. हे चकचकीत आहेत, आमच्या लॅबचे. नमुना तातडीचा असला की बाटलीवर लावतो. फ्रिजमध्येसुद्धा सुटत नाहीत ते."

तो खुर्चीत बसला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते त्याला त्या क्षणी शब्दशः पटलं. कधी कळलं, असं त्याने कसंबसं विचारलं. आत पाऊल टाकल्या टाकल्या, ती म्हणाली.

"मग दादासमोर गप्प का राहिलीस?"

"काय सांगू? नवऱ्याने माझ्या पर्समधून स्टिकर पळवले?" तिने एक शर्ट पुन्हा उलगडून नीट घडी घातली. "झाकली मूठ होती, झाकून ठेवली. दादाचं मला काही नाही, तो दुसऱ्यांना हसतच आला आहे. पण तो म्हातारा माणूस एवढा जिना चढून आला, आणि तुम्ही त्याला तसाच खाली पाठवलात."

सकाळी हॉल उघडताच त्याने नखाने ठिपके काढायला घेतले. लॅबचा डिंक खराच चिवट. ठिपक्याबरोबर पट्टीचा कागदही सोलून आला आणि चारही पट्ट्यांवर पांढरे गोल उरले. रखवालदार वर्तमानपत्राआडून म्हणाला, "मी म्हणणारच होतो, पण म्हटलं तुमचं तुम्हाला कळेल." म्हणजे त्यालाही माहीत होतं. घड्याळांच्या भिंतीचा फोटो याने खिळ्यावरून उतरवला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि पत्ता शोधत निघाला.

घड्याळवाले दोन खोल्यांत एकटे राहत होते. खोलीत सगळीकडे घड्याळं होती, जमिनीवर भिंतीला टेकवून ओळीने ठेवलेली. एकही चालू नव्हतं. याने फोटो खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बाहेरगावचे कुणी गृहस्थ नाहीत, फोटो विकला गेला नव्हता, ठिपका आपणच लावला होता, हा फोटो तुमचाच, तसाच ठेवून घ्या. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता हे रागावतील नाहीतर माफ करतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"किती लावले होते?" त्यांनी विचारलं.

"चार."

"मी तर भिंत भरली होती."

याला समजलं नाही. तेव्हा त्यांनी हळूहळू सांगितलं. शेवटची काही वर्षं दुरुस्तीला कुणी येतच नव्हतं. रिकामी भिंत बरी दिसेना, म्हणून त्यांनी घरातली घड्याळं नेऊन टांगली, भंगारातली आणून टांगली. कुणी विचारलं की म्हणायचे, हे डॉक्टरांचं, उद्या नेणार आहेत, ते शाळेचं. सगळी गल्ली म्हणायची, म्हाताऱ्याला अजून फुरसत नाही. मग दुकान सोडायची वेळ आली. घड्याळं न्यायला कुणी येईना. शेवटी सगळी एका हातगाडीवर घालून त्यांनी घरी आणली, भरदिवसा, सगळ्यांच्या देखत.

"त्या दिवशी गल्लीला कळलं," ते म्हणाले. "आणि तुम्ही नेमके त्याच दिवशी कॅमेरा घेऊन आलात."

"मी तुम्हाला विचारलं होतं, काका. तुम्ही हात हलवलात."

"नको म्हणून हलवला होता."

काल संध्याकाळपासून तो ज्या गोष्टीला लाजत होता ती बरीच लहान होती, हे आता त्याच्या ध्यानात आलं. म्हाताऱ्याला तो फोटो आवडला म्हणून हवा होता, असं तो धरून चालला होता. त्यांना तो तिथून फक्त खाली उतरवायचा होता. शेजाऱ्याने पत्रिका आणून दाखवली होती, "ही तुमचीच भिंत ना?" असं विचारून.

"इथे लावू का कुठे?" त्याने विचारलं, कारण काहीतरी विचारणं भाग होतं.

"लावून रोज बघू? त्या कपाटामागे सरकवा. तोंड भिंतीकडे करून."

आपला सगळ्यात चांगला फोटो त्याने स्वतःच्या हाताने कपाटामागे सरकवला. निघताना घड्याळवाले एवढंच म्हणाले, "मोबाइलवर पण आहे म्हणे तो."

मोबाइलवरचा त्याने जिन्यातच उभं राहून काढून टाकला, तिन्ही वेळचा. वाटलेल्या पत्रिकांसाठी त्या गल्लीत परत गेला आणि दुकानादुकानांतून मागून घेतल्या. वाण्याने आपली दिली नाही, तिच्या मागच्या बाजूला हिशेब लिहिला आहे म्हणाला. ज्यांच्यापर्यंत तो फोटो पोचला त्यांच्या डोळ्यांतून तो कसा काढणार? इतकी वर्षं आपलं काम पोचत नाही म्हणून तो रडत होता.

हॉलवर येऊन त्याने 'रसिकांचे आभार'च्या खाली लिहिलं, 'यातला एकही फोटो विकला गेला नव्हता. ठिपके मीच लावले होते. अभिनंदन करणाऱ्यांची माफी मागतो.' हेही एका दमात लिहिलं. मग दादाला फोन केला, कारण त्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळावं असं वाटत नव्हतं.

दादाने सगळं ऐकून घेतलं. पलीकडे दुकानात कुणीतरी फरशी कापत होतं, तो आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

"मग माझा?" दादाने विचारलं.

"तुमचा खरा आहे, दादा. पण नको असेल तर..."

"म्हणजे अख्ख्या हॉलमध्ये मूर्ख ठरलो तो मी एकटाच." तो हसला की नाही ते फरशीच्या आवाजात कळलं नाही. मग म्हणाला, "राहू द्या. मित्रांसमोर घेतलाय, आता परत कुठे देऊ? पण त्याला ठिपका लावू नका. लोक मलाच हसतील."

रखवालदाराने खणातून आपला ठिपक्यांचा कागद काढला होता, त्याला याने हातानेच नको म्हटलं. मग याला शंका आली, म्हणून तोंडानेही म्हटलं.

प्रदर्शनाचे उरलेले दिवस भिंतीवर एक खिळा नुसताच राहिला, खाली पांढरा गोल सोललेली पट्टी. येणारे विचारत, इथला कुठे गेला? तो सांगे, तो दाखवायचा नव्हता.