साचा फोडायची घाई

अब्दुल गफ्फार, आम्हा सगळ्यांचे चाचा, आमच्या रेल्वे गँगचे रूळ जोडणारे, आणि मी, देवीदास, त्यांचा हातोडेवाला. अकोला-मूर्तिजापूर लाइनीवर चाचांनी शेकडो जोड ओतले. शिकवायची भारी हौस. कुंडीत लोखंडाच्या गंजाची आणि अॅल्युमिनियमची भुकटी भरून पेटवायची. अॅल्युमिनियम गंजातला प्राणवायू हिसकावून घेतं, आणि त्यात एवढी आग निघते की लोखंडाचं पाणी होऊन दोन रुळांमधल्या साच्यात उतरतं.

"पान्यानं इझत नाई ते," चाचा सांगायचे. "एकदा पेटलं का कोनाच्या बापाचं आयकत नाई."

मग आतलं लोखंड घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं साच्याला हात लावायचा नाही, नाहीतर जोडाला भेग पडते. तेवढ्यात कुणी फोडायचं नाव काढलं की शिवी ठरलेली.

२००४च्या ऑगस्टात स्टेशनावरून माणूस धावत आला. चाचांची बायको हलीमाबी अकोल्याच्या दवाखान्यात होती, लगेच बोलावलं होतं. रूळ कापलेला, गाड्या थांबलेल्या, जोडायचा परवाना एकट्या चाचांकडे.

"ओतून जातो," ते म्हणाले आणि भुकटी पेटवली. मला राग आला, अजूनही येतो. पण दोन मिनिटं होतात न होतात तोच ते म्हणाले, "फोड साचा." मी हातोडा घातला. जीपनं ते दवाखान्यात पोचले तेव्हा हलीमाबी गेल्या होत्या.

पुढे तपासणीत त्या जोडात भेग निघाली. तात्पुरत्या पट्ट्या आवळल्या आणि वर लाल फुली मारली. दर्यापूरचं कापसाचं जिनिंग बंद पडल्यापासून चाचांचा मुलगा शाकीब सुरतेला, घरी आता चाचा एकटेच. तेव्हा गावोगावची पोरं तिकडेच चालली होती. चाचा आमच्यापासून लांब, त्या फुलीशेजारी बसून डबा खायचे. मला बघवत नसे.

जोड कापायची वेळ आली तेव्हा साहेबांनी दुसरा वेल्डर बोलावला होता. चाचांची निवृत्ती महिन्यावर आलेली. कधी कुणाला विनंती न करणारा माणूस साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. "माह्या हातून बिघडला, साहेब. मीच करीन."

साहेबांनी ऐकलं. चाचांनी नवा जोड ओतला आणि साच्याजवळ उकिडवे बसले. मी घड्याळ पाहत होतो.

"चाचा, पाच मिनिटं झाली. फोडू?"

"थांब थोडा," ते म्हणाले. "आज मले कुटी जायाचं हाय?"