पित्तपापड्याचा काढा

इराणातल्या यझ्दच्या बाजारात कुणाच्या अंगावर पित्त उठलं की माणूस आधी भरपूर खाजवतो आणि मग माझ्याकडे येतो. मी त्याला जीभ दाखवायला लावतो, डोळे बारीक करतो आणि ‘हं’ म्हणतो. या ‘हं’वर माझं निम्मं दुकान चालतं. मग विचारतो, ‘‘काय खाल्लंस? अक्रोड? खजूर? बाकलावा?’’ आमच्या गावात गोडाशिवाय कुणाचा दिवस जात नाही, त्यामुळे समोरचा ओशाळून मान डोलावतो. ‘‘उष्ण झालंय तुला,’’ असं जाहीर करून मी पित्तपापड्याची पुडी बांधतो. काढा इतका कडू होतो की पिणारा खाज विसरून जातो. बरा झाला तर नाव माझं होतं. नाही झाला तर त्यानं पथ्य पाळलेलं नसतं.

माझं नाव रहमत. मशहदची यात्रा केली तेव्हापासून लोक मश रहमत म्हणतात. आजोबा अत्तार, वडील अत्तार, म्हणजे पालाबियांचे दुकानदार, आणि मीही तोच. नायटा, घामोळं, गालावरचे वांग, सगळ्यांवर माझ्याकडे काही ना काही आहे. टाचांच्या भेगांचं माझं मलम तर थेट केरमानला जातं. माझ्या स्वतःच्या टाचांना इतक्या भेगा आहेत की मोजे अडकतात, म्हणून मी दुकानात बूट काढत नाही.

तर अशा या थोर अत्ताराच्या अंगावर त्या वसंतात पित्त उठलं. मानेवर, दंडावर, पाठीवर लाल लाल गांध्या. मी लगेच स्वतःची जीभ आरशात पाहिली, स्वतःलाच ‘हं’ म्हणालो आणि काढा सुरू केला. खाज वाढली, तसा काढा वाढवला. काढा वाढला, तशी खाज आणखी वाढली. गोड बंद केलं, अंडी बंद केली, शेवटी जेवण जवळजवळ बंद केलं, पण काढा काही सोडला नाही. घराण्याच्या औषधावर संशय घ्यायचा म्हणजे आजोबांच्या कबरीवर बूट घालून उभं राहण्यासारखं होतं. मध्ये चार दिवस अर्दकानला बहिणीकडे गेलो तेव्हा खाज थांबली होती, पण ते श्रेय मी तिथल्या हवेला दिलं.

समोरचा तांबट अब्बासअली दिवसभर हातोडी मारत मला न्याहाळायचा. एकदा मी दाराच्या चौकटीला पाठ घासत असताना त्यानं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘‘काय रे मश रहमत, पिसवा विकायला ठेवल्यास की काय?’’ दुकानात उभी असलेली बाई मेंदी न घेताच निघून गेली.

घरी आम्ही दोघंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी मर्झिये रोज संध्याकाळी कासनीचा ओला पाला वाटून माझ्या पाठीला लावायची, दोन खांद्यांच्या मधोमध, जिथं आपला हात काही केल्या पोचत नाही. लावताना भरपूर बोलणी खायला लागायची. पण गार वाटायचं.

त्यातच तिला मागणी आली. मुलगा जलील, जरीचं कापड विणणारा. मर्झियेला तो पसंत होता. तोंडानं म्हणाली नव्हती, पण त्याचं नाव निघालं की तिला एकाएकी स्वयंपाकघरातलं काम आठवायचं. अडचण होती ती त्याच्या आईची. या ताहेरे खानुमनं आधीचं एक स्थळ मोडलं होतं, कारण मुलीच्या भावाच्या हातावर चट्टा होता. म्हणे रक्तात खोट आहे. आणि आता ती शुक्रवारी आमच्याकडे येणार होती, मला निरखून पाहायला.

‘‘बाबा, तिच्यासमोर खाजवलंत तर मी जन्मभर याच घरात राहीन,’’ मर्झिये म्हणाली.

‘‘मग चांगलंच की.’’

मी गंमत केली होती. निदान मला तसं वाटलं. ती हसली नाही.

‘‘आजपासून तुमचा काढा मी करणार. तुम्ही दुकान बघा.’’

ती हातात पेला द्यायची, मी नाक धरून प्यायचो. तोच कडूपणा. आणि काय सांगू, शुक्रवारपर्यंत गांध्या पार गेल्या! मी घरभर मिरवलो. ‘‘बघितलंस? औषधाला चिकाटी लागते.’’ ती चहाचे पेले पुसत राहिली.

पाहुणे आले. जलील गालिच्याची फुलं मोजल्यासारखा खाली बघत बसला. ताहेरे खानुमची नजर माझ्या मानेवरून मनगटावर उतरली.

‘‘मश रहमत, तुम्हाला फार त्रास होता म्हणे?’’

शहाण्यानं विषय बदलला असता. मी बाही वर सरकवली. ‘‘होता! आता बघा, गुलाबाची पाकळी! आमच्या घराण्याचा पित्तपापडा.’’

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘‘मलाही उठतं हो. कुणाला बोलू नका. मला भरपूर द्या, मी रोज घेईन.’’

‘‘रोज दोन वेळा,’’ मी म्हणालो.

नेमकी तेव्हाच मर्झिये चहाचं तबक घेऊन आली. रिवाजाप्रमाणे तिनं मान खाली घालून चहा द्यायचा होता. ती दारातच थांबली.

‘‘खानुम, घेऊ नका. बाबांना मी पित्तपापडा दिलाच नाही. कडू संत्र्याच्या साली उकळून दिल्या.’’

‘‘काय?’’ हे मी.

‘‘आत्याकडे अर्दकानला गेला होतात, तेव्हा पुड्या घरीच विसरलात आणि पित्त गेलं. परत आलात, काढा घेतलात, पुन्हा उठलं. तुम्हालाच तो सोसत नाही, बाबा. खानुमना सोसेल की नाही, कुणाला ठाऊक?’’

तिनं तबक आणून खानुमसमोर ठेवलं. झालं, स्थळ मोडलं, मी मनात म्हणालो. वर तीन पिढ्यांचं नाकही गेलं. आणि खरं सांगतो, आत कुठंतरी मला हायसं वाटलं. पोर आता कुठं जात नाही. मग तिचा चेहरा पाहिला आणि स्वतःचीच किळस आली.

‘‘खानुम,’’ मी म्हणालो, ‘‘मुलगी खरं बोलते. गाढव मी आहे.’’

ताहेरे खानुमनं तबकातला चहा उचलला. ‘‘तोंडाची फटकळ दिसते.’’

‘‘आहे,’’ मी म्हणालो.

‘‘चालेल. आमचा जलील सणासुदीलाच बोलतो. आणि स्वतःचं लग्न मोडेल हे दिसत असूनही जी मला सावध करते, तिच्या हातचं मी डोळे मिटून खाईन.’’ असं म्हणून तिनं बाकलाव्याचा भला मोठा तुकडा तोंडात टाकला. तोंड गोड झालं, म्हणजे होकार झाला. जलीलनं पहिल्यांदाच मान वर केली.

लग्न झालं. गोष्ट गल्लीभर करायला अब्बासअली होताच. आता गिऱ्हाईक विचारतं, ‘‘मश रहमत, पाला देताय की साली?’’ आणि मी ‘हं’ म्हणायच्या आधी विचारतो, ‘‘आधी कधी घेतलं होतंस का? तेव्हा काय झालं?’’ धंदा थोडा बसला, पण अंगावर एक गांधी नाही. फक्त पाठीवर ती एक जागा, दोन खांद्यांच्या मधली, संध्याकाळ झाली की खाजते.

गेल्या शुक्रवारी मर्झिये आली. मी सदरा वर केला. तिनं दिव्याजवळ नेऊन नीट पाहिलं.

‘‘बाबा, इथं काहीच नाहीये.’’

‘‘ठाऊक आहे,’’ मी म्हणालो, ‘‘तरी लाव.’’