कावळा चेहरा विसरत नाही

खरवईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या काकू जगातला नवा शोध सगळ्यात आधी मोबाईलवर वाचतात आणि लगेच घरात करून बघतात. शिजवलेला भात फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्ला तर साखर कमी चढते, असं वाचल्यापासून काकांनी ताजा भात पाहिलेला नाही. "नुसतं वाचून मी बोलत नाही हां," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

उन्हाळ्यात त्यांनी एसीमागचं कावळ्याचं घरटं झाडूनं पाडलं. त्यात काड्या कमी, वायरीच जास्त होत्या. मग परवा त्यांनी वाचलं, की कावळा माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं विसरत नाही. लगेच मला त्यांच्या खिडकीशी बोलावलं. त्यांनी कठड्यावर पोळीचा तुकडा ठेवला, तर समोरच्या केबलवरचा कावळा जागेवरूनच ओरडत राहिला. मग तोच तुकडा मला ठेवायला लावून त्या दारामागे लपल्या. कावळा आला आणि उचलून घेऊन गेला.

"बघितलंस? प्रूफ झालं! ओळखतो तो मला!" काकूंनी टाळीच वाजवली. मग रिकाम्या कठड्याकडे बघत म्हणाल्या, "अंडी होती गं त्या घरट्यात."

आता रोज सकाळी माझं दार वाजतं. काकू ओढणीखाली पोळी झाकून आणतात आणि माझ्या खिडकीकडे न बघता हळूच सांगतात, "तूच ठेव हां. मी दिली ते कळू देऊ नकोस त्याला."