दुसऱ्याचा कोट, दुसरीचा नारळ

सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही लगेच फोनवर शोधाल, आणि पहिल्याच ओळीत कोणीतरी शेवट फोडून ठेवलेला असेल. एवढंच सांगते की जुना आहे, ब्लॅक अँड व्हाइट आहे, परदेशातला आहे. घड्याळं दुरुस्त करणारा एक साधा माणूस हॉटेलात जेवतो आणि निघताना घाईत खुंटीवरचा दुसऱ्याचाच ओव्हरकोट घालून बाहेर पडतो. बस्स. तिथून पुढे सगळं जग त्याला कोटाचा मालक समजायला लागतं. दरवान सलाम ठोकतो. एक बाई त्याच्या हातात किल्ली ठेवून निघून जाते. दोन माणसं मागावर लागतात.

मी तो सहा वेळा पाहिला होता, सगळ्या वेळा लॅपटॉपवर, ठाण्याला कोपरीतल्या आमच्या घरी. त्यातल्या दोन वेळा बाबा शेजारी बसले होते. दोन्ही वेळा अर्ध्यातून उठले.

"अगं, पण तो सांगत का नाही? सरळ सांगायचं, मी तो नाही म्हणून. विषय संपला!"

बाबांची सगळी नोकरी लोकांचे कागद तपासण्यात गेली. ओळखपत्र दाखवलं की माणूस सिद्ध होतो, असं त्यांना मनापासून वाटतं.

"सांगतो ना बाबा! फॉर्टी-सेव्हन्थ मिनिटाला सांगतो."

"मग?"

"मग बघा ना पुढे."

पण ते चहा टाकायला निघून गेलेले असायचे.

तर हा सिनेमा डोंबिवलीत एका वाचनालयाच्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर दाखवणार असल्याचा मेसेज मावशीने पाठवला. रविवारी सकाळी दहा वाजता, आधी थोडं प्रास्ताविक, सर्वांना प्रवेश. मी एकटीच गेले. मागच्या रांगेत, भिंतीकडेची खुर्ची पकडायची, सिनेमा बघायचा आणि कोणाशी न बोलता परत यायचं, असं ठरवून.

न बोलण्याला कारण होतं. माझी शाळा इंग्लिश मीडियम. आठवीत कोणाच्या तरी आग्रहाने मी मराठी वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले आणि 'एकोणसाठ'च्या जागी 'एकोणसत्तर' म्हणाले. अख्खं सभागृह हसलं. मी वाक्य अर्धं सोडून खाली उतरले. त्यानंतर घरी, भाजीवाल्याशी, मावशीशी खूप मराठी बोलले, पण चार माणसांसमोर उभं राहून कधीच नाही. ते हसू मला अजून ऐकू यायचं.

वाचनालयाच्या जिन्यापाशी हिरव्या साडीतल्या एक काकू उभ्या होत्या. मी खादीचा कुर्ता घातला होता, खांद्याला शबनम होती. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"या, या! ठाण्याहून ना?"

"हो."

"आजच्या चित्रपटासाठीच आलात?"

"हो."

"तुमचा फारच आवडता आहे म्हणे हा!"

"हो," मी म्हणाले. तिन्ही उत्तरं खरी होती.

त्यांनी मला गुलाबाचं फूल दिलं, हाताला अत्तर लावलं, कपबशीत चहा दिला. मला वाटलं, डोंबिवलीत सगळ्याच प्रेक्षकांचं असं स्वागत करत असतील. डोंबिवली म्हणजे दुसरं पुणंच, असं मी ऐकून होतेच. पण मग काकूंनी हात धरून मला थेट पुढे नेलं आणि व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवलं. समोर पाण्याची बाटली. बाटलीशेजारी माइक.

मी खुर्चीतून अर्धी उठले.

मी तोंड उघडणार, तोवर अध्यक्ष उभे राहिले होते. पांढरा झब्बा, खणखणीत आवाज. "आजच्या आपल्या वक्त्या जुन्या रहस्यपटांच्या अभ्यासक आहेत. त्यांचं पुस्तक आपण वाचलं असेलच. आज प्रत्यक्ष पाहतोय आणि थक्क होतोय. इतक्या लहान वयात!" टाळ्या. काकूंनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. नंतर कळलं, सगळं फोनवरच ठरलं होतं. त्या वक्त्या बाईंना कोणी पाहिलंच नव्हतं.

आता सांगायलाच हवं होतं. दुसऱ्याची शाल पांघरून मी किती वेळ बसणार? मी माइक घेतला. "नमस्कार. मी... तुम्ही मला दुसरंच कोणीतरी समजताय. मी त्या वक्त्या नाही. मी फक्त सिनेमा बघायला आलेय."

आणि मग अख्ख्या हॉलने जोरात टाळ्या वाजवल्या.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "विषयाला साजेशी सुरुवात! याला म्हणतात अभ्यास."

"नाही, खरंच," मी म्हणाले. "मला खरंच तुम्ही ओळखत नाही."

आणखी टाळ्या. पहिल्या रांगेतले एक आजोबा शेजारच्यांना म्हणाले, "काय अभिनय करते पोरगी!"

तुम्हाला सांगते, त्या क्षणी भीती होती ती होतीच, पण तिच्या खालून दुसरंच काहीतरी उसळी मारून वर आलं. हे सत्तेचाळिसावं मिनिट होतं! तो घड्याळवाला पोलीस चौकीत उभा राहून हेच सांगतो, आणि फौजदार हसून त्याला खुर्ची देतो, कारण कोटाचा मालक नेमका असाच बोलेल याची त्याला खात्री असते. सहा वेळा बघूनही मला जे फक्त डोक्याने कळलं होतं, ते आता तळहातांना घाम फुटून कळत होतं. तो खरं बोलतो. म्हणूनच अडकतो.

मग मी तेच सांगायला लागले. कोट त्याच्या अंगाला थोडा मोठा आहे, बाह्या बोटांपर्यंत येतात, ते नीट बघा म्हटलं. त्याला किल्ली मिळते तेव्हा तो ती परत द्यायला धावतो, आणि धावतो म्हणून जास्त संशय येतो. पुढे आगगाडीत खरा मालक त्याच्याच डब्यात, दोन बाकं सोडून बसलेला आहे हे आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही. त्या वेळी बोंब मारून त्याला सांगावंसं वाटतं, पण पडद्याला सांगता येत नाही.

आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं.

धापा टाकत एक बाई आत आल्या. चाळिशीच्या असाव्यात. हातात फाइल, फाइलवर चिकटवलेली निमंत्रणपत्रिका. त्या काकूंना काही सांगायला लागल्या, तर काकूंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं आणि मागच्या रांगेत, भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं. माझ्या खुर्चीत!

मला एका क्षणात कळलं. त्यांनाही कळलं. त्यांनी माझी शाल पाहिली, नारळ पाहिला. हॉलमधल्या चाळीसेक माणसांत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मी वाक्याच्या मध्येच थांबले. त्यांनी फाइल मांडीवर ठेवली, हाताची घडी घातली आणि मान हलवली. बोल पुढे.

"आणि फॉर्टी-सेव्हन्थ मिनिटाला..." मी म्हणाले.

"सत्तेचाळिसाव्या!" पहिल्या रांगेतले आजोबा गरजले.

हॉल हसला. तेच हसू, आठवीतलं. मी वाट बघितली, की आता पाय आपोआप खाली उतरायला लागतील. पण ते आजोबा पुढे वाकून, कानामागे हात धरून विचारत होते, "बरं, सत्तेचाळिसाव्या मिनिटाला काय? सांग ना!"

"सत्तेचाळिसाव्या," मी म्हणाले, "तो खरं सांगतो. त्याचं काय होतं ते बघा तुम्हीच."

दिवे मालवले. मोठ्या पडद्यावर तो कोट एवढा मोठा दिसतो! बाह्यांची शिवण दिसते. चौकीच्या प्रसंगात आजोबा चक्क ओरडले, "अरे, खरं बोलतोय तो!"

सिनेमा संपल्यावर मी धावत मागे गेले आणि शाल काढून त्या बाईंपुढे धरली. "सॉरी. मी खरंच सांगत होते सगळ्यांना."

"मी जिन्यातून ऐकलं ना," त्या हसत म्हणाल्या. "तोपर्यंत माझी जागाच राहिली नव्हती. आणि ते बाह्यांचं, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं हं."

आम्ही दोघींनी जाऊन अध्यक्षांना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण माणूस सरळ. लगेच माइक घेतला. "एक खुलासा. सकाळी आपण ज्यांचा सत्कार केला, त्या आपल्या वक्त्या नव्हेत. वक्त्या या आहेत."

"पुरे हो!" आजोबा म्हणाले. "एकच विनोद किती वेळा?"

शाल बाईंना गेली आणि पुढची चर्चा त्यांनी घेतली. नारळही मी देत होते, पण काकूंनी अडवलं. "दिलेला नारळ परत घेत नाहीत गं. ने घरी."

बाबांनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग नारळाकडे. "सिनेमा बघायला गेलेलीस ना तू?"

मी चपला न काढता दारातच सगळं सांगितलं. इतकी भरभर, की ते दोनदा म्हणाले, हळू बोल. शेवटी त्यांनी भुवया आक्रसल्या. येणार तो प्रश्न मला माहीत होता.

"पण मग तू सरळ सांगितलं का नाहीस, मी ती नाही म्हणून?"

"सांगितलं बाबा. माइकवरून. दोनदा."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या."

बाबांनी माझ्या हातातून नारळ घेतला. तो टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि चष्मा पुसत म्हणाले, "लाव तो पिक्चर. आणि चहा आधीच टाकून ये."